जुना वाडा मोजायचा धंदा: स्कॅनरचं कर्ज काढण्याआधी हे वाचा

या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय जरा वेगळा होता: वारसा वास्तूंचं डिजिटल मोजमाप आणि नकाशे. व्हिडिओत सगळे आकडे सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूदृश्ये' म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून किल्ल्यांचे थ्रीडी मॉडेल, ड्रोनचे व्हिडिओ सगळीकडे दिसतात, आणि त्यासोबत एकच प्रश्न मला वारंवार विचारला जातो: "सर, यात धंदा आहे का? कोणतं मशीन घेऊ?"

धंदा आहे. पण मशीनचा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न असा विचारा: मी घेतलेलं माप कोण वापरणार आणि कशासाठी? याचं उत्तर ज्याच्याकडे आहे तो साध्या कॅमेऱ्यावरही पैसे कमावतो. ज्याच्याकडे नाही, त्याचा लाखांचा स्कॅनर कपाटात आणि हप्ता बँकेत!

मुळात हे काम काय आहे?

एखादा जुना वाडा, देऊळ, बारव, घाट किंवा किल्ल्याची तटबंदी आज जशी उभी आहे, तशी मापात पकडून ठेवायची. कुठली भिंत किती झुकली आहे, कुठल्या तुळईला वाळवी लागली आहे, दगडाचा कुठला थर सुटला आहे, हे सगळं नकाशात आणि फोटोत नोंदवायचं. म्हणजे उद्या दुरुस्ती करताना गवंडी, सुतार, इंजिनिअर यांना अंदाजावर काम करावं लागणार नाही.

हे काम दोन प्रकारे होतं. एक, लेझर स्कॅनिंग. मशीन चारी बाजूंनी लेझर फेकतं आणि लाखो बिंदूंची अंतरं नोंदवतं. त्या बिंदूंच्या ढगाला 'पॉइंट क्लाउड' म्हणतात. दोन, फोटोग्रामेट्री. एकाच वस्तूचे एकमेकांवर चढणारे बरेच फोटो काढायचे, सॉफ्टवेअर त्यातून समान खुणा शोधतं आणि थ्रीडी आकार बनवतं. छोट्या उद्योजकासाठी दुसरा रस्ता सोपा, कारण त्याची सुरुवात कॅमेऱ्यापासून होते.

आणि हे तंत्र नवीन अजिबात नाही. १८५८ साली जर्मनीतल्या वेत्झलार इथल्या कॅथेड्रलची मापं घेताना आल्ब्रेख्त मायडेनबावर नावाचा वास्तुविशारद उंचावरून पडता पडता वाचला. भिंतीवर चढून जीव धोक्यात घालण्यापेक्षा फोटोवरूनच मापं का घेऊ नयेत, असा विचार त्याने केला. पुढे १८८५ मध्ये बर्लिनमध्ये याच कामासाठी सरकारी संस्था उभी राहिली, आणि तिथे इमारतींच्या हजारो काचेच्या प्लेटी जमा झाल्या. दुसऱ्या महायुद्धात इमारती पडल्या, तेव्हा पुनर्बांधणीसाठी त्या कामी आल्या.

हे काम का लागतं? एक उदाहरण घ्या

पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल १५ एप्रिल २०१९ ला जळालं. छत गेलं, मधला उंच मनोरा कोसळला. अँड्र्यू टॅलन नावाच्या अमेरिकेतल्या कलाइतिहासाच्या प्राध्यापकाने २०१० मध्ये ते लेझरने स्कॅन केलं होतं. पन्नासपेक्षा जास्त ठिकाणी मशीन लावून एक अब्जाहून जास्त बिंदू नोंदवले होते. टॅलन स्वतः २०१८ मध्येच वारले, पण त्यांची मोजणी मागे राहिली.

पण यातली अर्धीच गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्या छतातला शेकडो वर्षं जुना लाकडी सांगाडा पुन्हा बांधायला आणखी एक गोष्ट लागली. रेमी फ्रोमाँ आणि त्यांचे एक सहकारी, या दोन फ्रेंच वास्तुविशारदांनी २०१४ मध्ये त्या सांगाड्याचा तपशीलवार अभ्यास करून नकाशे काढून ठेवले होते. बिंदूंचा ढग आकार दाखवतो. कुठलं लाकूड कुठल्याला कसं जोडलंय, हे माणसाने समजून घेऊन काढलेल्या नकाशात असतं. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं.

आता आपल्याकडे या. आपल्या वाड्यांना आगच लागायला पाहिजे असं नाही. एक पावसाळा पुरतो. माळवद गळतं, तुळईचं टोक भिंतीत कुजतं, आणि एक दिवस खणच खाली येतो. त्यानंतर "वरचा मजला नक्की कसा होता हो?" असं विचारलं, तर घरातल्या चार माणसांची चार उत्तरं येतात. मोजणी झालेली असेल तर वाडा तसाच उभा करता येतो. नसेल तर तिथे स्लॅब पडतो. तुमच्या कामाची खरी किंमत इथे आहे.

गिऱ्हाईक कोण?

थेट सरकारी टेंडरच्या मागे लागू नका. त्यात अनुभव, उलाढाल, अनामत रक्कम अशा अटी असतात. सुरुवात या चार दारांपासून करा:

१. संवर्धन वास्तुविशारद. यांना दुरुस्तीचा आराखडा करायच्या आधी 'आहे तसा' नकाशा लागतोच. अनेकांकडे मोजणीसाठी माणसं कमी असतात. तुमचं पहिलं नियमित काम इथूनच येण्याची शक्यता जास्त.

२. देवस्थान ट्रस्ट. जीर्णोद्धाराची चर्चा चालू असते, वर्गणी जमलेली असते, पण देवळाचा नकाशा कुणाकडेच नसतो.

३. वाड्याचे मालक, विशेषतः होमस्टे, हॉटेल किंवा शूटिंगसाठी वाडा देणारे. गोव्यातल्या जुन्या घरांचंही हेच.

४. शहरातल्या वारसा यादीतल्या इमारती. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे आणि इमारतींना श्रेणी दिलेल्या आहेत. अशा इमारतीत बदल करायचा तर प्रस्तावासोबत नीट नकाशे द्यावे लागतात.

बघा, या चौघांपैकी एकालाही 'भारी थ्रीडी व्हिडिओ' नकोय. त्यांना प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन आणि त्यावर विश्वास ठेवता येईल असं माप पाहिजे. व्हिडिओ वरून भेट म्हणून द्या, पण बिल मापाचं करा.

साधनं: तीन पायऱ्या

पहिली पायरी (लगेच): ३० मीटरचा टेप, ५ मीटरचा टेप, लेझर अंतरमापक, ओळंबा, पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी, क्लिपबोर्ड आणि अदलाबदल करता येणाऱ्या लेन्सचा कुठलाही बरा कॅमेरा. कॅमेरा सेकंडहँड चालेल. नळी आणि ओळंबा तर गवंड्याकडेच मिळेल. सॉफ्टवेअरमध्ये मेशरूम, क्लाउडकम्पेअर, क्यूजीआयएस हे पूर्ण मोफत आहेत. रिअॅलिटीस्कॅनही सध्या वर्षाला १० लाख डॉलरच्या आत उलाढाल असणाऱ्यांना मोफत आहे. म्हणजे आपण सगळे त्यात बसतो! खर्च होतो तो बऱ्या ग्राफिक्स कार्डच्या कॉम्प्युटरवर.

दुसरी पायरी (चार-पाच कामं झाल्यावर): टोटल स्टेशन भाड्याने. रस्त्यांची, प्लॉटची मोजणी करणाऱ्या सर्व्हेअरकडे ते असतं. ऑपरेटरसकट दिवसाच्या भावात मिळतं.

तिसरी पायरी: लेझर स्कॅनर. आधी भाड्याने. भाड्याने घेऊन महिन्यातले दहा दिवस तो कामावर असेल, आणि असे सलग सहा महिने गेले, तर विकत घ्यायचा विचार करा. त्याआधी नाही.

आयफोनच्या प्रो मॉडेलमध्येही लायडार असतो. पण त्याचा पल्ला साधारण ५ मीटर. खोलीचा झटपट कच्चा आराखडा काढायला चांगला, दुरुस्तीच्या नकाशाला पुरेसा नाही. तसंच मोबाइलच्या जीपीएसचं. मोकळ्यावर तो ३ ते ५ मीटर इकडेतिकडे दाखवतो. तालुक्यातल्या बारवांची यादी करून नकाशावर ठिपके टाकायला एवढं चालतं. बारवेच्या पायऱ्या काढायला चालत नाही.

किती अचूक पाहिजे?

हे एकच गणित शिका, अर्धे स्पर्धक मागे पडतील.

कागदावरची बारीक रेघ साधारण ०.२ मिलीमीटरची. नकाशा १:५० प्रमाणात असेल तर ती रेघ प्रत्यक्षात १० मिलीमीटर व्यापते. म्हणजे १:५० च्या नकाशाला एक सेंटीमीटरची अचूकता हवी. कोरीव खांबाचा तपशील १:२० मध्ये हवा असेल तर ४ मिलीमीटर. गिऱ्हाइकाला आधी विचारा, "नकाशा कुठल्या प्रमाणात हवाय?" त्यावर तुमचा वेळ आणि भाव ठरतो.

आता कॅमेऱ्याचं. समजा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, सेन्सरची रुंदी २३.५ मिलीमीटर, फोटो ६००० पिक्सेल रुंद, लेन्स २४ मिलीमीटर. भिंतीपासून १० मीटरवर उभे राहिलात तर एका फोटोत साधारण ९.८ मीटर भिंत येते, आणि एक पिक्सेल म्हणजे भिंतीवरचे १.६ मिलीमीटर. फोटो ८० टक्के एकमेकांवर चढायला हवेत, म्हणून दर २ मीटरला एक फोटो. २० मीटरच्या दर्शनी भिंतीला एका ओळीत दहा-अकरा फोटो.

पण पेठेतल्या बोळात १० मीटर मागे सरकणार कुठे? समोरच्याच्या घरात? तिथे ४ मीटर अंतर मिळतं. मग एका फोटोत ३.९ मीटर, दर ८० सेंटीमीटरला एक फोटो, आणि त्याच भिंतीला एका ओळीत पंचवीस. शिवाय उंचीसाठी दोन-तीन ओळी. म्हणून जागा बघितल्याशिवाय भाव सांगू नका.

साइटवरचं काम: ९ नियम

वारसा नोंदणीचं काम करणाऱ्यांची 'सिपा' नावाची आंतरराष्ट्रीय समिती आहे, १९६८ पासूनची. तिच्याकडे फोटोग्रामेट्रीसाठी '३ गुणिले ३' नियम आहेत: तीन भूमितीचे, तीन फोटोचे, तीन शिस्तीचे. मी ते आपल्या वाड्याच्या भाषेत सांगतो.

*भूमिती:*
- फोटो काढायच्या आधी भिंतीवर कागदी खुणा लावा आणि त्यांच्यामधली अंतरं टेपने मोजा. ओळंब्याची एक रेघ फोटोत येऊ द्या. याशिवाय मॉडेलला खरं माप नसतं, नुसता आकार असतो.
- वास्तूला पूर्ण फेरी मारा. कोपरे सोडू नका. कोपऱ्यावर जास्त फोटो.
- भिंतीला समांतर सरकत जोडीजोडीने फोटो काढा. एका जागी उभं राहून मान फिरवून काढलेले फोटो कामाचे नाहीत.

*फोटो:*
- झूम नको, फोकस एकदा लावला की हात लावायचा नाही.
- उजेड सगळीकडे सारखा पाहिजे. ढगाळ दिवस उत्तम. फ्लॅश नको.
- असेल त्यातला चांगला कॅमेरा वापरा, आणि शक्य तिथे ट्रायपॉड.

*शिस्त:*
- हाताने कच्चं रेखाटन काढा. कुठली खोली, कुठला फोटो, कुठलं माप, सगळं त्यावर.
- तारीख, वेळ, हवामान, कॅमेरा, लेन्स, कोण हजर होतं, हे लिहा.
- निघण्याआधी तपासा. फोटो धूसर नाहीत ना, एखादा कोनाडा राहिला नाही ना?

यात माझ्याकडून आणखी तीन. एक: जुन्या वाड्यात काटकोन गृहीत धरू नका. चारही बाजू मोजल्या तरी खोलीचा आकार पक्का होत नाही. दोन्ही कर्ण मोजा. दोन: देवडी, चौक, ओसरी, माजघर यांच्या जमिनीची पातळी वेगवेगळी असते. लेव्हल नळीने एकाच खुणेपासून सगळ्या पातळ्या घ्या. तीन: चुन्याची कोरी पांढरी भिंत, काच आणि पाणी यांवर फोटोग्रामेट्री फसते, कारण सॉफ्टवेअरला पकडायला खूण मिळत नाही. तिथे टेप काढा.

पाटणची राणी की वाव आठवते का? शंभरच्या नोटेवर आहे. ती २०११ मध्ये स्कॉटिश टीमने 'सायआर्क' संस्थेसोबत लेझरने स्कॅन केली. अशा खोल, कोरीव, सावल्यांनी भरलेल्या वास्तूला स्कॅनर खरंच लागतो. तुमच्या गावच्या दोन मजली वाड्याला बहुतेक वेळा नाही.

विश्वास कसा विकायचा?

नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटा तक्ता टाका. मॉडेल बनवताना वापरली नाहीत अशी दहा मापं साइटवर टेपने घेऊन ठेवायची. नंतर तीच दहा मापं मॉडेलवर मोजायची. दोन्ही आकडे आणि फरक तक्त्यात लिहायचा. दोन मिलीमीटर आला तर दोन लिहा, नऊ आला तर नऊ लिहा. आर्किटेक्ट हा तक्ता बघतो आणि पुढचं काम तुमच्याकडेच पाठवतो. कारण त्या आकड्यावर तो सागवान कापायला सांगणार आहे, आणि चुकीची कापलेली तुळई परत लांब होत नाही.

कोटेशन कसं काढायचं?

समजा दोन मजली, ४००० चौरस फुटांचा वाडा. खालचे भाव फक्त हिशोब समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे तुम्ही टाका.

- साइट २ दिवस, तुमचे २००० आणि मदतनिसाचे ८०० रोज: ५,६०० रुपये
- कॉम्प्युटरवरचं काम ८ दिवस, २००० रोज: १६,००० रुपये
- प्रवास, प्रिंट, हार्ड डिस्क: ३,००० रुपये
- एकूण: २४,६०० रुपये
- अडचणींसाठी १० टक्के: २,४६० रुपये
- त्यावर नफा २५ टक्के धरला तर रक्कम ३३,८२५ रुपये

म्हणजे चौरस फुटाला साधारण साडेआठ रुपये. यात लक्षात काय ठेवायचं? साइटच्या एका दिवसामागे टेबलावरचे चार दिवस धरलेत. "दोन दिवसांचं तर काम आहे" असं गिऱ्हाईक म्हणेल, तेव्हा हा हिशोब त्याच्यासमोर ठेवा.

पैसे तीन टप्प्यांत: ४० टक्के ॲडव्हान्स, ४० टक्के कच्चे नकाशे दाखवल्यावर, २० टक्के अंतिम फाइल देताना. कोटेशनमध्ये काय मिळणार ते स्पष्ट लिहा: किती प्लॅन, किती सेक्शन, कुठलं प्रमाण, डीडब्ल्यूजी आणि पीडीएफ दोन्ही की एकच, दुरुस्त्या किती वेळा फुकट. मूळ फोटोंच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या जागी.

नोंदणीचं म्हणाल तर उद्यम नोंदणी मोफत आहे, आजच करा. सेवा व्यवसायाला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, तरी आपल्या सीएला एकदा विचारा.

परवानग्या: इथे कुणी गंमत करू नका

संरक्षित स्मारक असेल तर आधी बोर्ड वाचा. केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचं आहे की राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचं? लेखी परवानगीशिवाय ट्रायपॉड, खुणा, ड्रोन काहीही नाही. आणि दगडावर चिकटपट्टी तर कधीच नाही. केंद्रीय स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथल्या बांधकामाला, दुरुस्तीला वेगळी परवानगी लागते. मालकाला हे माहीत नसेल तर तुम्ही सांगा. यातूनही विश्वास वाढतो.

ड्रोन. २०२१ च्या नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात आहे, ते डिजिटल स्कायच्या नकाशावर त्या दिवशी बघायचं. नवीन माणसाने प्रमाणपत्र असलेला पायलट दिवसाच्या भाड्याने घ्यावा.

सगळ्यात महत्त्वाचं: हद्द. वाडा म्हटलं की भाऊबंदकी आली. तुम्ही टेप घेऊन उभे राहिलात की शेजारचे काका विचारणार, "मोजणी आलीय का?" जमिनीच्या हद्दीची अधिकृत मोजणी भूमी अभिलेख खातं करतं. आपण वास्तूची नोंद करतो. म्हणून प्रत्येक नकाशावर लिहा: 'हा नकाशा वास्तूच्या नोंदीसाठी आहे. मालकी किंवा हद्दीचा पुरावा म्हणून वापरू नये.' कामाआधी ज्यांचं नाव प्रॉपर्टी कार्डवर आहे त्या सगळ्यांची लेखी संमती घ्या, एका भावाची सही पुरत नाही. नाहीतर तुमचा नकाशा उद्या कोर्टात आणि तुम्ही साक्षीला!

आणि स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवू नका. १९७२ च्या कायद्याने ती पदवी वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यांसाठीच आहे. तुम्ही 'वारसा मोजणी आणि नकाशे' लिहा, कार्डावर छान दिसतं.

पुढचे १५ दिवस

- दिवस १ ते ३: मेशरूम आणि क्लाउडकम्पेअर टाका. घरातला तांब्या, पाटा-वरवंटा यांचे ४०-५० फोटो काढून मॉडेल बनवा.
- दिवस ४ ते ८: गावातलं एक छोटं, खासगी किंवा ट्रस्टचं असंरक्षित देऊळ निवडा. लेखी परवानगी घ्या. वरचे ९ नियम पाळून मोजा.
- दिवस ९ ते १२: एक प्लॅन, एक सेक्शन, एक दर्शनी भाग, १:५० मध्ये. कोपऱ्यात दहा मापांचा तक्ता.
- दिवस १३: एक प्रत ट्रस्टला फुकट द्या. ती तुमची पहिली जाहिरात.
- दिवस १४-१५: तीच प्रत घेऊन जिल्ह्यातल्या तीन आर्किटेक्टना भेटा. थ्रीडी मॉडेल नंतर, आधी तक्ता दाखवा.

तिघांपैकी एकाने जरी "पुढच्या कामाला बोलावतो" म्हटलं, तरी तुमचा खर्च टेप, नळी आणि पेट्रोलचाच झालेला असेल. तिघांनी नाही म्हटलं तर त्यांना नकाशात काय कमी वाटलं ते विचारा, लिहून घ्या, आणि दुसरं देऊळ मोजा.

पुढच्या व्हिडिओत कोटेशनचा हाच नमुना एक्सेलमध्ये करून दाखवतो. तोपर्यंत आपल्या गावातली कुठली वास्तू या पावसाळ्यात टिकेल की नाही अशी शंका वाटते, तिची नावनिशी वहीत लिहून ठेवा. सुरुवात तिथूनच करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोबाने करा!